गच्चीवरचा जुना लाकडी डेक: दुरुस्तीला खर्च किती?

डेकची लाकडं काळी पडली आहेत, एक-दोन फळ्या पायाखाली दबतात, स्क्रूची डोकी वर आली आहेत. कॉन्ट्रॅक्टर येतो, उभ्या उभ्या नजर टाकतो आणि म्हणतो, ‘सगळं काढून नवीन करा, दुरुस्तीत काही अर्थ नाही.’ त्याच्यासाठी नसेलही. तुमच्यासाठी आहे का, ते फोन करण्याआधी स्वतः तपासा. तासाभराचं काम आहे, आणि त्यावर पंधरा हजार खर्च करायचे की लाखभर, हे ठरतं.

या लेखातला सगळा हिशेब १२ बाय १० फुटांच्या, म्हणजे १२० चौरस फुटांच्या डेकचा आहे. फ्लॅटला लागून असलेली गच्ची किंवा बंगल्याचं मागचं अंगण, दोन्हींना तो लागू पडतो. दर पुणे-मुंबईकडचे, ढोबळ अंदाजाचे आहेत. तुमच्या गावात तीन ठिकाणी विचारा आणि ते आकडे इथे घालून बेरीज करा.

आधी मोजणी, मग माणूस

खडू, स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. एकेक फळी टोचून पाहा. टोक पाव इंचापेक्षा जास्त सहज आत गेलं, तर फळी कुजली आहे; खडूने फुली मारा. ठोकून पाहा, आवाज पोकळ आला तरी फुली. फळ्यांची टोकं, कुंड्यांच्या खालची जागा आणि भिंतीलगतची ओळ जास्त बारकाईने पाहा, कुजणं बहुधा तिथूनच सुरू होतं. नुसतं करडं किंवा काळपट पडलेलं लाकूड खराब नसतं. तो रंग ऊन-पावसाचा आहे आणि वरच्या थरापुरताच आहे.

आता कडेच्या दोन फळ्या खोलून टॉर्चने खाली बघा. खालची फ्रेम लाकडी असेल तर तीही टोचून पाहा. लोखंडी असेल तर गंज नुसता वरवर आहे की पत्रे सुटताहेत, ते बघा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे; आधी तिचा बंदोबस्त करा, डेकचं काम नंतर.

फुल्या मोजा. पाव भागापेक्षा कमी फळ्या खराब आणि फ्रेम धड, तर दुरुस्ती करा. पाव ते निम्म्या खराब असतील तर फळ्या उलटून बघा. खालची बाजू पुष्कळदा चांगली निघते. ती वर घेतली की नव्या लाकडाचा खर्च वाचतो. निम्म्यापेक्षा जास्त गेल्या असतील किंवा फ्रेमच कुजली असेल, तर कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं खरं आहे.

डेकच्या खाली पाणी

डेक गच्चीवर असेल तर ही तपासणी टाळू नका. लाकूड खराब झालं तर नुकसान तुमचं. वॉटरप्रूफिंग गेलं तर खालच्या मजल्यावरच्यांचं छतही तुमच्या खात्यात जातं. खालच्या घरात ओल आहे का, विचारून घ्या. पाणी जायची जाळी कुठे आहे ते शोधा आणि तिच्यात अडकलेला पालापाचोळा काढा. फ्रेमच्या पट्ट्या उताराला आडव्या टाकल्या असतील तर पाणी त्यांच्यामागे तुंबतं. मग पट्ट्यांखाली रबराचे तुकडे सरकवून पाण्याला वाट करून द्या.

गळती आहे अशी शंका असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करा. पद्धतीप्रमाणे चौरस फुटाला साधारण ६० ते १५० रुपये लागतात, म्हणजे आपल्या मापाला ७,२०० ते १८,००० रुपये. हा खर्च डेकच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो. वर नवा डेक बसवून सहा महिन्यांनी तो उचकटायची वेळ आली, तर काढणं-बसवणं हा वेगळा भुर्दंड.

दोन अटी कामगाराला आधीच सांगा. फ्रेम पक्की करायला स्लॅबमध्ये भोक पाडायचं नाही, कारण वॉटरप्रूफिंग तिथेच फुटतं. आणि जाळीच्या वरचा दोन फुटांचा तुकडा सहज उचलता येईल असा सुटा ठेवायचा.

कधी करायचं

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लाकूड सुकलेलं असतं, ऊन कडक नसतं, तेल नीट मुरतं. मार्च ते मेच्या मध्यापर्यंतही चालतं, पण तेल सकाळी किंवा संध्याकाळी लावा. तापलेल्या फळीवर लावलेलं तेल आत मुरायच्या आत वरच सुकतं. जून ते सप्टेंबर काम काढू नका. ओल्या लाकडावर लावलेला कुठलाही थर टिकत नाही. दिवाळीच्या आधीचे आठवडे टाळा, सुतार मिळत नाहीत आणि मिळाले तर दर चढा असतो. मे महिन्यात बरेच कारागीर गावी जातात, त्यामुळे ‘पावसाच्या आधी करून टाकू’ म्हणणाऱ्यांनी एप्रिलच्या सुरुवातीला तारीख पक्की करावी.

वेळ किती? धुणं एक दिवस, सुकणं दोन-तीन उन्हाचे दिवस, फळ्या बदलणं एक-दोन दिवस, घासणं एक दिवस, तेलाचे दोन हात दोन दिवस. आठ-दहा दिवस धरा. चार दिवसांत करून देतो म्हणणारा सुकण्याचे दिवस गाळतो आहे.

कोणते कागद लागतात

सोसायटीत राहत असाल तर सचिवांच्या नावे अर्ज, कामाचं थोडक्यात वर्णन, दोन फोटो, कॉन्ट्रॅक्टरचं नाव आणि कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती द्या. अनेक सोसायट्या अनामत रक्कम आणि हमीपत्र मागतात. अनामत परत मिळणारी आहे की ‘दुरुस्ती शुल्क’ म्हणून कापली जाणार, हे पावतीवर लिहून घ्या. कामाचे तास आणि आवाजाच्या मशिनची वेळही विचारून ठेवा. दुपारी दोन तास काम बंद असा नियम असला, तर सुताराची रोजी पूर्ण जाते आणि काम पाऊण होतं.

गच्ची तुमच्या करारनाम्यात तुमच्या वापराची म्हणून लिहिली आहे ना, तेवढं पाहून घ्या. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची लेखी संमती घ्या, व्हॉट्सॲपवरची चालेल. फळ्या बदलणं ही दुरुस्ती झाली. वर पत्रा किंवा कायमचं छप्पर टाकायचं असेल तर तो महापालिकेच्या परवानगीचा विषय होतो. ‘एवढ्याला कोण विचारतं’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर राहू नका, नोटीस घरमालकाला येते.

खर्चाचे तीन टप्पे

*पहिला: धुणं, घासणं, तेल. स्वतः केलं तर साधारण ५,७०० रुपये.*

हिशेब असा: ऑक्झॅलिक ॲसिड आणि ब्रश ३०० रुपये. सँडिंग मशिनचं दोन दिवसांचं भाडं १,००० रुपये. पॉलिश पेपर ५०० रुपये. बाहेरच्या लाकडासाठीचं तेल ३ लिटर, लिटरला ९०० धरून २,७०० रुपये. पुढे-मागे लागतील म्हणून १०० स्टीलचे स्क्रू, ६ रुपयांप्रमाणे ६०० रुपये. ब्रश, रोलर, हातमोजे, मास्क ६०० रुपये.

काम असं करा. साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. काळे डाग राहिले तर लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हे विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, कुंड्या बाजूला करा, मुलं आणि जनावरं लांब ठेवा. सुकल्यावर ६० नंबरच्या आणि मग ८० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासा. त्यापेक्षा गुळगुळीत करू नका. गुळगुळीत लाकूड तेल कमी पितं आणि पावसात पाय घसरतो. घासण्याआधी वर आलेले स्क्रू आत घ्या, नाहीतर पेपर फाटत राहतील.

तेल लावायच्या आधी चार थेंब पाणी टाका. पाणी मुरलं तर लाकूड तयार आहे, मोत्यासारखं वर राहिलं तर जुना थर अजून बाकी आहे. तेल पातळ लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं फडक्याने पुसा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

*दुसरा: सहा फळ्या बदलून. साधारण १५,५०० ते २१,६०० रुपये.*

वरच्या ५,७०० मध्ये भर पडते ती अशी: सुतार आणि मदतनीस मिळून दिवसाला २,२०० रुपये धरून दोन दिवसांचे ४,४०० रुपये. टेम्पो आणि हमाली १,५०० रुपये. सहा फळ्यांचे १२० स्क्रू ७२० रुपये. उरलं लाकूड. प्रक्रिया केलेलं पाइन घनफुटाला १,२०० धरलं तर ३,२०० रुपयांच्या आसपास. जुनं सागवान ३,५०० धरलं तर ९,३०० रुपयांच्या आसपास.

*तिसरा: सगळं नवं. साधारण ६०,००० ते १,०८,००० रुपये.*

फ्रेमसह, डब्ल्यूपीसी (लाकूड आणि प्लास्टिकच्या मिश्रणाच्या फळ्या) किंवा प्रक्रिया केलेलं लाकूड, चौरस फुटाला ५०० ते ९०० रुपये धरून. जुनं काढणं आणि राडारोडा उचलणं वेगळं. डब्ल्यूपीसीला वाळवी लागत नाही आणि तेल लागत नाही, हे खरं. पण ते उन्हात चांगलंच तापतं आणि ओरखडा पडला तर घासून नवं करता येत नाही. दुपारी अनवाणी चालायची गच्ची असेल तर नमुन्याचा तुकडा उन्हात ठेवून, हात लावून बघा.

कुठलाही टप्पा निवडा, वर १५ टक्के राखीव ठेवा. खोलल्यावर आणखी एखादी फळी गेलेली निघते.

लाकूड घेताना मापात मार

वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं आणि माप कच्च्या लाकडाचं असतं. तुम्हाला हवी १२ फूट लांब, ४ इंच रुंद, १ इंच जाड फळी. तिचं घनफळ पाऊण नाही, अर्धाही नाही, फक्त एक तृतीयांश घनफूट. सहा फळ्यांचे २ घनफूट. पण रंधा मारल्यावर १ इंच राहावी म्हणून कच्ची फळी सव्वा इंच जाड आणि सव्वाचार इंच रुंद घ्यावी लागते. मग सहा फळ्यांचं माप २.६५ घनफूट होतं, म्हणजे ३३ टक्के जास्त. हे गैर नाही, पण तुम्ही २ घनफुटांचे पैसे धरून गेलात तर गणित तिथेच चुकतं. रंध्याची मजुरी दरात आहे की वेगळी, तेही विचारा. कोटेशनवर ‘तयार माप’ की ‘कच्चं माप’ हे दोन शब्द लिहून घ्या.

जुनं सागवान पाडलेल्या घरांमधून येतं आणि डेकला चांगलं असतं, वर्षानुवर्षं सुकलेलं. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोडच्या वखारी, इथून चौकशी सुरू करा. घेताना तुटके खिळे आत राहिलेत का पाहा; रंध्याचं पातं गेलं की त्याचे पैसे तुमच्याकडेच मागतात. दोन्ही टोकं पाहा, भेगा आणि भोकं असतील तर तेवढी लांबी वजा करून माप धरा.

जुन्या सागवानात नवं पाइन मिसळायचं असेल तर ते मधोमध घालू नका. कडेच्या चांगल्या जुन्या फळ्या काढून मधे बसवा आणि नव्या फळ्या कडेला, कुंड्यांच्या खाली टाका. रंगातला फरक डोळ्यात येत नाही आणि पाय जुन्या लाकडावरच पडतात.

अजून एक: १२ फुटी फळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याने वर न्यायची हमाली मजल्यागणिक वाढते. सहा फुटांचे तुकडे करून आणलेत तर लिफ्टने जातील. जोड मात्र खालच्या पट्टीच्या बरोबर वर आला पाहिजे, हे सुताराला कापण्याआधी सांगा.

स्क्रू: इथे कंजूषी नको

साधा लोखंडी स्क्रू दीड-दोन रुपयांत मिळतो, स्टेनलेस स्टील ३०४ चा दोन इंची ४ ते ८ रुपयांत. सगळा डेक नव्याने बसवायचा झाला, तर २९ फळ्या आणि खालच्या १० पट्ट्या, प्रत्येक ठिकाणी दोन, असे ५८० स्क्रू लागतात. फरक दोन-अडीच हजारांचा. लोखंडी स्क्रू एका पावसात गंजतो, सागवानात त्याच्याभोवती काळा डाग पसरतो आणि पुढच्या वेळी तो निघत नाही, डोकं तुटतं. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ नंबरचं स्टील मागा. दुकानात लोहचुंबक लावून पाहतात, पण त्यावर विसंबू नका. पाकिटावरचा नंबर आणि बिलावरची नोंद बघा. प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायला लावा, नाहीतर फळीचं टोक चिरतं.

नवी फळी बसवण्याआधी तिला चारही बाजूंनी तेल लावा. कापलेल्या टोकांना दोन हात जास्त द्या, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकातून ओढतं. एकदा बसवल्यावर खालची बाजू हाताला येत नाही. दोन फळ्यांत ५ मिलिमीटर फट ठेवा.

हे शॉर्टकट महागात पडतात

चकचकीत व्हार्निश किंवा ऑइल पेंट: पहिल्या दिवशी छान दिसतो, पहिल्या पावसानंतर पापुद्रे निघतात आणि पुन्हा लावायला सगळं खरवडावं लागतं. जळकं इंजिन ऑइल: स्वस्त आहे, पण घसरडं, ज्वालाग्राही आणि कपड्यांना लागणारं. भेगांत लांबी भरणं: लाकूड हललं की निघते. फटी सिलिकॉनने बंद करणं: खाली गेलेलं पाणी वर यायला जागाच राहत नाही. जोरदार फवाऱ्याचं मशिन जवळून मारणं: लाकडाचे तंतू उभे राहतात आणि घासायचं काम दुप्पट होतं. आणि वरून प्लास्टिकचं गवत अंथरणं: कुजलेलं लाकूड झाकलं जातं, ओल धरून आणखी कुजतं.

कोटेशनमध्ये न दिसणारं

सही करण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. दर चौरस फुटाचा आहे की धावत्या फुटाचा? कडेची पट्टी आणि पायरी त्यात आहे का? फ्रेमची दुरुस्ती, गंज काढणं आणि प्रायमर धरला आहे का? स्क्रू कुठले, तेल कुठलं, किती हात? जुनी फळी कुणाची? चांगलं सागवान ‘भंगार’ म्हणून उचलून नेतात आणि दुसऱ्या कामात वापरतात. ते ठेवून घ्या किंवा त्याची किंमत वजा करून घ्या. राडारोडा कोण नेणार? चहापाणी, प्रवास, मशिनचं भाडं वेगळं आहे का?

‘जीएसटी वेगळा’ हे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत असतं. अशा कामावर तो १८ टक्के, म्हणजे २०,००० वर ३,६०० रुपये. जीएसटी घ्यायचा तर कॉन्ट्रॅक्टर नोंदणीकृत पाहिजे आणि बिलावर त्याचा नंबर पाहिजे. तो नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकटात तपासता येतो. नोंदणी नसलेल्याला हा कर घ्यायचा अधिकार नाही.

पैसे असे द्या: ३० टक्के आगाऊ, ४० टक्के फळ्या बसल्यावर, २० टक्के तेलाचा दुसरा हात झाल्यावर. उरलेले १० टक्के महिन्याभराने, सगळे स्क्रू जागेवर आहेत हे पाहून. लाकूड आणि तेल शक्यतो स्वतः आणा आणि सुताराला मजुरीवर ठेवा. बिल तुमच्या नावावर येतं आणि मालावरचं त्याचं कमिशन वाचतं.

पैसे घेऊन काम अर्धवट टाकलं, किंवा ठरल्याप्रमाणे माल वापरला नाही, तर कोटेशन, व्हॉट्सॲपवरचे निरोप, पैसे दिल्याचा पुरावा आणि फोटो जपून ठेवा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. बिलाशिवाय रोख दिले असतील तर बाजू लंगडी पडते.

नंतरचा वार्षिक खर्च

दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात तेल: दीड लिटर, साधारण १,३५० रुपये, एक सकाळ. दिवाळीच्या साफसफाईत फटींतला पाला जुन्या करवतीच्या पात्याने काढा आणि जाळी मोकळी करा, खर्च शून्य. कुंड्या पायांच्या स्टँडवर ठेवा. तेलाचा हात दोन वर्षं चुकला, तर पुन्हा मशिन, पेपर आणि पहिल्या टप्प्याचा पूर्ण खर्च.

पैसे कमीच असतील तर

क्रम असा ठेवा: आधी पाण्याची वाट, मग फ्रेम, मग पायाखाली दबणाऱ्या फळ्या, मग स्क्रू, शेवटी तेल. पहिल्या चारांना यंदा पैसे पुरले आणि तेल पुढच्या नोव्हेंबरवर गेलं, तर डेक करडा दिसेल, पण टिकेल. उलट क्रमाने गेलात तर डेक छान दिसेल आणि दोन पावसाळ्यांत तिसऱ्या टप्प्याचं कोटेशन हातात येईल.